भाडे म्हणजे कोण

फार पूर्वी शालिवनी नगरात पद्मसेन राजा राज्य करीत होता, तेव्हा बोधिसत्त्व त्याचे अमात्य होऊन जन्मले होते. त्या जन्मी त्यांचे नाव हितसेन. नियम लिहिण्यात त्यांचा हात धरणारा राज्यात कोणी नव्हता, आणि या कथेतले दुःख तिथूनच सुरू होते.

शालिवनी टेकडीवर वसलेली. पायथ्याच्या पेठेत कुंभार, विणकर, चुनेवाले राहत. माथ्यावर राजवाडा, बाजार आणि वैद्यांची घरे. मधला चढ पाऊण कोसाचा. म्हातारी, आजारी माणसे बैलगाडीने वर जात. एका वर्षी एका उतावळ्या गाडीवानाच्या गाडीच्या चाकांचा आख चढावर मोडला, गाडी उलटली आणि आतली पाच माणसे दगावली. हितसेनांच्या जिवाला ते फार लागले. त्यांनी नगरातली प्रत्येक गाडी स्वतः वाकून पाहिली, आख ठोकून पाहिले, बैलांचे खूर तपासले. ज्या गाड्या धडधाकट निघाल्या त्यांच्या जुवाला तांब्याचा एकेक बिल्ला बांधला. अशा गाड्या शंभर भरल्या. मग त्यांनी नियम लिहिला आणि पायथ्याच्या वेशीपाशी शिळेवर कोरवला: 'बिल्ल्यावाचून कोणत्याही गाडीने भाडे करू नये. बिल्ले शंभर असावेत.'

नियम चांगला होता. पुढची काही वर्षे चढावर एकही गाडी उलटली नाही, आणि लोक अमात्यांचे नाव घेऊन गाडीत बसत.

पण एक नियम लिहून झाला की अमात्य दुसऱ्याकडे वळत. बिल्ले देण्याघेण्याचे काम राणीचा भाऊ भद्रक याच्याकडे गेले. नगर वाढत राहिले, बिल्ले शंभरच राहिले. एखादा गाडीवान मेला की त्याचा बिल्ला भद्रकाच्या सोयऱ्याच्या घरी जाई. ज्यांनी जन्मात बैलाचे शेपूट पिरगाळले नव्हते ते बिल्ल्यांचे मालक झाले. वरच्या पेठेत लेकीला आंदण म्हणून गायीऐवजी बिल्ला देऊ लागले. खरे गाडीवान या मालकांच्या दारी सकाळी हात जोडून बिल्ला मागत आणि संध्याकाळी मिळकतीतला मोठा वाटा तिथेच ठेवून येत. आख कोणी ठोकून पाहीनासे झाले. शिपाई फक्त जू पाहत. बिल्ला दिसला की वाट मोकळी, मग आख दोरीने बांधलेला का असेना.

आता शिळेवरच्या एका शब्दाविषयी सांगितले पाहिजे. दरबारात भाडे म्हणजे गाडी वापरल्याचा मोबदला. हितसेनांना तेच म्हणायचे होते, की जो मोबदला घेऊन माणसे नेतो त्याने बिल्ला घ्यावा. पण गाडीअड्ड्यावर गाडीत बसणाऱ्या माणसालाच भाडे म्हणतात. 'आज दोन भाडी मिळाली' म्हणजे दोन माणसे मिळाली. शिळा कोरवण्याआधी अमात्यांनी अड्ड्यावर जाऊन कोणाला विचारले नाही. एवढा शहाणा माणूस, पण विचारले नाही.

भद्रकाच्या शिपायांना अड्ड्यावरचा अर्थ फार सोयीचा पडला. गाडीत माणूस दिसले की ते भाडे. मग ते फुकट बसलेले असो की गाडीवानाची सख्खी आई असो. बिल्ला नसेल तर बैल राजाच्या कोंडवाड्यात जात आणि गाडीचा आख करवतीने कापला जाई. हितसेनांच्या कानावर हे आले नाही असे म्हणतात. मला वाटते, कान तिकडे नव्हता.

खालच्या पेठेत तिंदुक नावाचा गाडीवान होता. त्याच्याकडे बिल्ला नव्हता, म्हणून तो चुना वाही. चुन्याला कोणी भाडे म्हणत नव्हते. त्याच्या शेजारी सोमिल कुंभाराचे घर. एका चैत्रातल्या दुपारी सोमिलची बायको सामा बाळंतपणात अडली. सुईण बाहेर येऊन म्हणाली, "मूल आडवं आहे. माझ्या हातचं नाही हे. वर वैद्यांकडे न्या, आणि आत्ता न्या."

सोमिल अड्ड्यावर धावला. अड्डा ओस पडला होता. राणी सख्यांसह आंबराईत वनभोजनाला गेली होती आणि बिल्ल्याच्या सगळ्या गाड्या भद्रकाने तिकडे लावल्या होत्या. सोमिल तसाच मागे फिरला आणि तिंदुकाच्या दारात येऊन उभा राहिला.

"तिंदुकदादा, गाडी जुंपा."

तिंदुकाच्या हातात चुन्याची पाटी होती. ती घेऊन तो तसाच थबकला. "तुला काय ठाऊक नाही का रे, सोमिल? माझ्या भावानं आईला देवाला नेलं, तर आख कापला त्याचा. बैल गेले. आता दुसऱ्याच्या भट्टीवर राबतोय तो."

"ठाऊक आहे," सोमिल म्हणाला. "ठाऊक असून आलोय."

आतून सामाचे कण्हणे ऐकू आले. तिंदुकाने पाटी खाली ठेवली. गाडीतला चुना झाडला, गवत पसरले, त्यावर बायकोचे धुवट लुगडे अंथरले आणि बैल जुंपले.

वेशीवर शिपायांच्या नाईकाने गाडी अडवली. "बिल्ला कुठाय?"

"नाही. पण हे भाडं नव्हे, नाईक. शेजारीण आहे माझी, अडलीय. एक कवडी घेतलेली नाही मी."

"कवडीचं कोण विचारतंय? गाडीत माणूस आहे ना? मग ते भाडंच. शिळेवर लिहिलंय, वाच."

"मला कुठं वाचता येतंय?"

"मग मी सांगतो ते ऐक."

नाईक अगदीच दगड नव्हता. पण आपल्या अंगावर घेऊन गाडी सोडायला तो धजेना. त्याने आंबराईत भद्रकाकडे माणूस धाडला. भद्रक पानावर बसला होता. त्याने जेवण उरकले, हात धुतले, विडा तोंडात घातला आणि मग तो आला.

"बाईला सावलीत उतरवा," तो म्हणाला. "बिल्ल्याची गाडी आली की तीतून जाईल. नियम सगळ्यांना सारखा."

सोमिलने त्याचे पाय धरले. भद्रकाने पाय मागे घेतला. त्याच्या नव्या वहाणांना चुना लागत होता. मग सोमिलने सामाला स्वतःच उचलले आणि चढाकडे चार पावले टाकली. ती अशी किंचाळली की त्याला तिला पुन्हा खाली ठेवावे लागले. बिल्ल्याची गाडी आली नाही. उन्हे कलता कलता, नियम कोरलेल्या शिळेला टेकलेली असताना, सामा गेली. मूल पोटातच गेले.

दुसऱ्या दिवशी तिंदुकाला दरबारात उभे केले. त्याचे बैल आधीच कोंडवाड्यात गेले होते. खटला ऐकायला हितसेन बसले होते आणि राजाही हजर होता. भद्रकाने शिळेवरची ओळ म्हणून दाखवली आणि मान लववून म्हणाला, "अमात्यांच्याच हातची अक्षरे आहेत. मी काय बोलणार?"

हितसेनांनी तिंदुकाला विचारले, "तू त्या बाईकडून भाडे घेतलेस?"

तिंदुक गोंधळला. "भाडं घेणार कसं, महाराज? भाडं तर गाडीत बसवतात."

दरबारात हशा पिकला. हितसेन हसले नाहीत. "तुमच्या अड्ड्यावर भाडे कशाला म्हणतात?"

"माणसाला, महाराज. बसणाऱ्या माणसाला."

"कधीपासून?"

"माझ्या आज्यापासून तरी."

हितसेनांचा चेहरा पांढराफटक पडला. राजाच्या ते ध्यानात आले आणि त्याने त्यांना आतल्या दालनात बोलावून घेतले.

"अमात्य, तुमच्या मनात काय चाललंय ते मला कळतंय," राजा म्हणाला. "गाडीवानाला मी दया म्हणून सोडतो. त्याचे बैलही देतो. तुम्ही त्या शब्दाविषयी तोंड उघडू नका. शिळेवरचा एक शब्द चुकला म्हटलं, की उद्या लोक प्रत्येक शिळेपुढं जमतील. आणि बिल्ले ज्यांच्या घरी आहेत ती सगळी आपली माणसं आहेत."

सौदा वाईट नव्हता. तिंदुक सुटत होता, अमात्यपद राहत होते, आणि त्या बदल्यात फक्त गप्प बसायचे होते. आपल्यातले बहुतेक जण गप्प बसले असते आणि घरी जाऊन स्वतःला दयाळूही म्हणाले असते.

हितसेन म्हणाले, "महाराज, दया अपराध्यावर करतात. त्याने अपराध केलेलाच नाही. तो माझा आहे. आज मी गप्प राहिलो, तर पुढची अडलेली बाईही त्याच शिळेपाशी मरेल."

ते दरबारात परतले आणि सर्वांना ऐकू जाईल असे बोलले. "भाडे म्हणजे मोबदला, असे मला म्हणायचे होते. ज्यांच्यासाठी नियम होता त्यांची भाषा मी विचारली नाही. शंभर हा आकडाही त्या दिवसापुरता होता, तो मी कायमचा कोरून ठेवला. बिल्ला आख पाहून द्यायचा होता, सोयरीक पाहून नव्हे, आणि तो कसा दिला जातो हे पाहायला मी पुन्हा कधी गेलो नाही. सामाच्या मृत्यूला मी कारण आहे. तो शब्द बदला, तो आकडा पुसा, आणि शिक्षा मला करा."

राजा संतापाने लाल झाला. त्याने शेवटचे तेवढे ऐकले. हितसेनांचे पद काढून घेतले, त्यांच्या रथाचा आख भर चौकात कापला, घोडे कोंडवाड्यात नेले. आपण निष्ठुर दिसू नये म्हणून तिंदुकाला मात्र त्याने बैलांसह सोडून दिले. शिळेवरचे एकही अक्षर बदलले नाही.

दरबाराच्या पायऱ्यांवर सोमिल उभा होता. त्याने हितसेनांना नमस्कार केला नाही. त्याने विचारले, "शिळा कोरायच्या आधी आमच्या अड्ड्यावर यायला तुम्हाला किती वेळ लागला असता?"

"अर्धा प्रहर," हितसेन म्हणाले.

सोमिलने मान हलवली आणि तो निघून गेला.

त्यानंतर हितसेन पायथ्याच्या पेठेत जाऊन राहिले. आजाऱ्यांना, म्हाताऱ्यांना ते पाठीवर घेऊन चढ चढत. नियमात गाडी होती, पाठ नव्हती. महिनाभर शिपायांना काही सुचेना. मग भद्रकाने दवंडी पिटवली, की पाठीवर बसलेले माणूस हेही भाडेच होय, आणि पाठींसाठी शंभर बिल्ले घडवण्यात येत आहेत. ते बिल्लेही वरच्या पेठेतच वाटले गेले. त्या पेठेत कोणी कधी कोणाला पाठीवर घेतले नव्हते. हितसेन बिल्ल्यावाचून वाहत राहिले. वेशीवर त्यांना दर खेपेला छड्या बसत; पाठीवरच्या माणसाला आधी उतरवून ते छड्या घेत आणि त्याला पुन्हा उचलून वर नेत. म्हातारपणी त्या चढावरच ते वारले. नियम राजाच्या नातवापर्यंत चालला.

शास्त्यांनी, म्हणजे बुद्धांनी, ही कथा विहारात सांगितली, त्याचे कारण असे घडले होते. तिथे भोजनासाठी भिक्षूंना शलाका म्हणजे लाकडी काड्या वाटत; काडी दाखवावी आणि जेवायला बसावे. लांबून आलेला एक आजारी भिक्षू उशिरा पोचला. काड्या संपल्या होत्या, हंड्यात भात उरला होता. काड्या वाटणाऱ्या भिक्षूने त्याला दारातूनच परत पाठवले, आणि तो झाडाखाली उपाशी मूर्च्छित पडला.

कथा संपवून शास्ते म्हणाले, "त्या वेळचा भद्रक म्हणजे हा काड्या वाटणारा भिक्षू. नाईक म्हणजे ते सगळे, जे भात समोर असून हात बांधून बसले. तिंदुक म्हणजे ज्याने नंतर आपल्या पात्रातला घास त्या आजाऱ्याला दिला तो. सोमिल म्हणजे तो आजारी भिक्षू. आजही त्याने मला नमस्कार केलेला नाही, आणि त्याला कोणी तसे करायला सांगू नये. हितसेन अमात्य मी होतो. काड्यांचा नियमही मीच घातला आहे."

एका वृद्ध भिक्षुणीने विचारले, "आणि सामा, भगवन्? ती आज कोण आहे?"

शास्ते म्हणाले, "ती इथवर पोचलेली नाही."

ही सत्यपारमितेची, म्हणजे सत्य पूर्णत्वाला नेण्याची, कथा होय. त्यात सत्य एका दिवसाने उशिरा बोलले गेले, तेवढेही ऐकणाऱ्याने लक्षात ठेवावे.