दोघींनी खारवलेली टर्की

ही गोष्ट खरं तर मी सांगायची नाही. ज्या घरात ती घडली, त्या घरच्यांना ती चारचौघांत ऐकायला अजून आवडत नाही. पण नाताळ जवळ आला की ती माझ्या मनातून जात नाही. म्हणून आई स्वयंपाकघरातून हाक मारायच्या आत, गावाचं आणि माणसांचं नाव गाळून सांगते.

खाडीकाठच्या एका गावात एक सासू आणि एक सून राहत होत्या. घरात दोघीच; सून सासूला आय म्हणायची. सुनेचा नवरा वारला होता आणि सासूचा थोरला मुलगा शहरात संसार करत होता. लोक म्हणायचे, सून आता माहेरी जाईल. पण ती गेली नाही. सासूनेही तिला कधी जा म्हटलं नाही. सकाळी एकीने चूल पेटवायची, दुसरीने विहिरीवरून पाणी आणायचं, असं दोघींचं छान चाललं होतं.

सासूच्या हाताला फार चव होती. नाताळच्या दिवशी ती टर्की भाजायची तेव्हा वाटेवरची माणसं उगाचच चपलेतला खडा काढायला तिच्या दारात थांबायची.

त्या वर्षी मात्र भाद्रपदात सासूला मोठा ताप आला. ताप उतरला, पण जाताना जिभेची चव आणि नाकाचा वास दोन्ही घेऊन गेला. चिंच काय आणि गूळ काय, तिला सगळं सारखंच लागू लागलं. सासू घाबरली. तिने कोणाला सांगितलं नाही. तिला वाटलं, चव गेली हे कळलं तर सून मला चुलीपासून उठवील, मग या घरात माझं काम काय?

सुनेला मात्र कळलं होतं. एकदा चुलीवर दूध करपलं, घरभर धूर झाला, आणि सासू शेजारीच बसून शांतपणे लसूण सोलत होती. सुनेने दूध उतरवलं. तिला वाटलं, बोलले तर आयला वाईट वाटेल. तेव्हापासून सासूची पाठ वळली की ती आमटी चाखायची. अळणी असली तर मीठ घालायची, खारट झाली तर बटाटा टाकायची. सासूला वाटायचं, चला, हात अजून शाबूत आहे.

नाताळला आठवडा राहिला तेव्हा थोरल्या मुलाचा निरोप आला. "आय, मी जेवायला येतोय. तुम्हा दोघींना एकटं राहणं झेपत नसेल तर घराला कुलूप लावू. तू माझ्याकडे ये, ती माहेरी जाईल."

निरोप ऐकून सासू म्हणाली, "येऊ दे त्याला. टर्की खाऊन कुलूप विसरतो की नाही बघ."

"विसरतील हो," सून म्हणाली. पण तिला स्वतःलाच खात्री नव्हती. कारण त्या गावचा नेम होता की नाताळच्या आदल्या दिवशी रांधणारीचा उपवास. पदार्थाचा कणही जिभेवर ठेवायचा नाही. म्हणजे यावेळी चोरून चाखणंही बंद!

टर्की आदल्या दिवशी मिठाच्या पाण्यात भिजत ठेवायची असते. सासूने हंड्यात पाणी ओतलं, अंदाजाने मीठ घातलं, टर्की बुडवली आणि ती मसाला वाटायला गेली. सून विहिरीवरून आली. तिने हंड्यात पाहिलं. मीठ विरघळलं होतं, पाणी नुसतं पाण्यासारखं दिसत होतं. गेल्या पंधरवड्यात सासू दोनदा मीठ विसरली होती.

"आय, मीठ घातलंत का?" एवढंच विचारायचं होतं. पण सुनेला ते जमेना. आजवर तिने कधी विचारलं नव्हतं. आजच विचारलं तर आयला कळेल की मला कळलंय. तिने हळूच भरपूर मीठ घातलं आणि हात पदराला पुसला.

सून लाकडं आणायला गेली तेव्हा सासू परत हंड्यापाशी आली. मघाशी मीठ कमी तर पडलं नसेल? अळणी टर्की पोराच्या ताटात गेली तर संपलंच. तिनेही आणखी दोन मुठी टाकल्या.

दुसऱ्या दिवशी टर्कीच्या पोटात बटाटे, पाव आणि मसाला भरून तिला हंडीत ठेवलं, खाली जाळ आणि झाकणावर निखारे. दुपारी झाकण काढलं तर टर्की तांबूस, चकचकीत, अगदी राणीसारखी. थोरला मुलगा पाटावर बसला. प्रार्थना झाली. त्याने पहिला घास घेतला आणि त्याचे डोळे मोठे झाले.

"आय! ही टर्की आहे की मिठागर?"

तो घटाघट पाणी प्यायला. सासूने एक तुकडा तोंडात टाकला. चावला, चावला, पण तिला काहीच कळेना.

"सांगितलं होतं ना," मुलगा म्हणाला, "आता तुला जमत नाही. बांधाबांध कर."

"आयची चूक नाही," सून पटकन म्हणाली. "मीठ मी घातलं, दादा."

मुलगा तिच्याकडे वळला. "मग तुझा तरी या घरात काय उपयोग?"

सासू गप्प बसली असती तर तिचं नाव राखलं गेलं असतं. गावभर झालं असतं, सुनेने टर्की बिघडवली. पण सासूने हातातलं हाड ताटात ठेवलं.

"तिला बोलू नकोस. मीठ मीही घातलं, तेही दोनदा. आणि मला हे खारट आहे की अळणी, तेच कळत नाही. भाद्रपदापासून कशाचीच चव लागत नाही."

सून खाली मान घालून म्हणाली, "मला ठाऊक होतं, आय."

"ठाऊक होतं? मग बोलली का नाहीस, भवाने?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून. तुम्ही का नाही बोललात?"

"तू मला उठवशील म्हणून!"

 आधी सुनेला हसू फुटलं, मग सासूला. मुलगा पाण्याचा तांब्या धरून तसाच बसून होता.

"ऊठ," सासू सुनेला म्हणाली. "मोठं पातेलं ठेव. मांस सोडवून बारीक कर. भात बिनमिठाचा. आणि तू रे, पाहुण्या, नारळ खोव."

"मी?"

"मग काय तुझा बाप येणार आहे वरून?"

नारळाचं दूध निघालं. सासू हाताने घालत गेली, सून जिभेने सांगत गेली. "अजून खारट आहे, आय." "मग आणखी दूध घाल. आता?" "आता थोडा आंबटपणा हवा." "कोकम टाक."

संध्याकाळी तिघं पुन्हा जेवायला बसली. मुलाने भात तीनदा मागून घेतला. निघताना तो म्हणाला, "आय, तुला नेलं तर चव इथे राहते, आणि हिला माहेरी धाडलं तर हात एकटा पडतो. तुम्ही दोघी मिळून एक सुगरण आहात. राहा इथेच. मी पुढच्या नाताळला येतो, पण नारळ मी खोवणार नाही."

तात्पर्य: अडचण लपवणारा आणि लपून मदत करणारा, दोघे मिळून चांगलं अन्नसुद्धा नासवतात, म्हणून हवं ते मागावं, द्यायचं ते सांगून द्यावं, आणि ज्या माणसावर आपली माया आहे त्याला साधा प्रश्न विचारायला आपण का घाबरतो, तर मला वाटतं, आपल्याला त्याच्या उत्तराची नाही, तर आपलंच गुपित उघडं पडण्याची भीती… हो आई, आले, एवढं एकच वाक्य लिहिते