आधी कॉपी थांबवा

“हा न्याय झाला का, बाबा? पैसे माझे, खातं माझं, आणि मलाच काढता येईनात?”

पानावर भात वाढून झाला, तरी जयवंत शिंत्रेचं तोंड थांबेना. भानुनाथ बाबांच्या मठात दर सोमवारी दुपारी पंगत बसे आणि जेवताना तिथं कुणी मोठ्यानं बोलत नसे. पण जयवंत पडला कॉमर्सचा प्राध्यापक. त्याचा आवाज शेवटच्या बाकापर्यंत जायचाच.

“कुणी अडवलंय?” बाबांनी विचारलं.

“कंपनीनं! ‘पैसे काढा’ म्हणून बटण दाबतोय, तर म्हणे रक्कम चालू सौद्यांत अडकलेली आहे. आधी कॉपी थांबवा. अरे, घेताना बरे घेतलेत लेकाच्यांनी! तेव्हा नाही काही थांबवायला सांगितलं!”

“कॉपी?”

“शेअर बाजारात कॉपी ट्रेडिंग म्हणतात त्याला. तिथं एक मास्टर असतो, मोठा जाणकार. त्याच्या नावापुढचं बटण दाबायचं, की झालं. तो घेईल ते आपल्या खात्यात आपोआप घेतलं जातं. तो विकेल तेव्हा आपलंही विकलं जातं. आपण काही करायचं नाही.”

“काहीच न्हाई?”

“काहीच नाही.”

बाबांनी सावकाश वरण कालवलं.

“वर्गात पोरं असं करत्यात, तवा तू काय करतोस?”

“पेपर काढून घेतो,” जयवंत बोलून गेला.

शेजारी बसलेला म्हातारा तातोबा फिसकन हसला. जयवंतचे कान लाल झाले. एवढं शिकून, गावाला व्याजाचे हिशेब समजावून, शेवटी या लोकांचं हसू ऐकायचं! त्याला खरं तर न्याय नकोच होता. बाबांनी ‘धीर धर, सगळं ठीक होईल’ म्हणावं, एवढ्यासाठी तो आला होता. बाबा तेवढं सोडून बाकी सगळं म्हणत होते.

“पैसं कुणाचं?” बाबांनी विचारलं.

“माझेच... म्हणजे, आक्काचे.”

आक्का म्हणजे त्याची थोरली बहीण मालन. नवरा एसटीत कंडक्टर होता. तो गेल्यावर मिळालेली रक्कम तिनं बँकेत ठेवली होती. “बँकेत काय मिळतंय? माझ्याकडं दे,” असं जयवंत म्हणाला आणि तिनं दिली. कशात घालणार, एवढंही विचारलं नाही. परवा ती न्हाणीत घसरली आणि खुब्याचं हाड मोडलं. गुरुवारी ऑपरेशन होतं. पैसे त्याआधी भरायचे होते.

“मग थांबव की कॉपी.”

“आज थांबवली तर सगळे सौदे तोट्यात मिटतील! तिसरा हिस्सा जाईल. मास्टरनं अजून विकलेलं नाही. तो एवढा मोठा माणूस... त्याच्या आधी मी कसा बाहेर पडू?”

बाबा जेवत राहिले.

पंगत जेवून झाली. मठाची रीत अशी, की बाबा उठले की मग सगळ्यांनी उठायचं, त्याआधी कुणी नाही. बाबांचं पान केव्हाच स्वच्छ झालं होतं.

बाबा उठले नाहीत.

तेवढ्यात बाहेर कट्ट्यावर फोन वाजला. जेवायला बसताना सगळ्यांचे फोन तिथंच ठेवत.

“बाबा, माझा फोन आहे.”

“वाजतोय खरा.”

“आक्काचा असणार.”

“असंल.”

फोन थांबला. पुन्हा वाजू लागला. जयवंतचा उष्टा हात वाळला, बोटांवरचा भात कडक झाला. तातोबानं एक गुडघा वर घेतला, मग दुसरा. बाबा पानासमोर मांडी घालून बसलेले...

“बाबा, उठा ना!”

“मी तुला धरलंय का?”

“तुमच्या आधी कसा उठू? रीत आहे.”

“हाय खरी.”

फोन तिसऱ्यांदा वाजला आणि जयवंतचा तोल सुटला.

“ही कसली मेली रीत! तिकडं माझी बहीण हाड मोडून पडलीय आणि तुम्ही इथं उष्ट्या हातानं बसवून ठेवता? तुम्हाला काय हो, ना बहीण ना भाऊ! कुणाचं अडलंय याची काही चाड?”

मठात इतक्या वर्षांत असं कुणी बोललं नव्हतं.

बाबांचा चेहरा तापला. “तिनं तुझ्या तोंडाकडं बघून पैसं दिलं. तू कुणाच्या तोंडाकडं बघितलंस? त्या मास्टरचं तोंड तरी बघितलंस का कवा?”

जयवंतनं आठवून पाहिलं. मास्टरच्या नावापुढं वाघाचा फोटो होता.

तो उठला.

तातोबा “अरं, अरं” म्हणेपर्यंत जयवंत दाराबाहेर गेला होता. हात धुतला न धुतला आणि त्यानं फोन उचलला. आक्काचेच कॉल होते. पण त्यानं आधी ते खातं उघडलं. ‘कॉपी थांबवा’ दाबलं. नक्की थांबवायची का, असं फोननं विचारलं. पुन्हा दाबलं. सौदे मिटले. तिसरा हिस्सा डोळ्यांदेखत गेला. उरलेले पैसे काढायला टाकले, तेव्हा या खेपेला काही अडलं नाही.

मग त्यानं आक्काला फोन लावला.

“आक्का, पैसे कमी येतील. मी घालवले... हो, मीच. कमी पडतील तेवढ्याला माझी गाडी विकतो. तू ऑपरेशन पुढं ढकलायला सांगू नकोस.”

“तू येतोस न्हवं पण?” आक्का म्हणाली.

“आत्ता निघतो.”

निघतो म्हणाला खरा, पण पाय आधी आत वळले. राग अजून उतरला नव्हता. कंपनीवर होता, वाघावर होता, स्वतःवर तर होताच. आत येऊन बघतो तर पंगत तशीच, बाबा तसेच. हात वाळलेला, पान रिकामं.

“थांबवली!” तो दारातूनच ओरडला. “तिसरा हिस्सा गेला. झालं समाधान? आता तरी उठा! हे बिचारे कधीचे ताटकळलेत!”

बाबांनी त्याच्याकडं पाहिलं.

“माझं जेवाण कवाच झालं हुतं,” ते म्हणाले. “पर तुझ्या आधी कसा उठू?”