राजाच्या कुत्र्यांचे व्रत

पूर्वी हंसावती नगरीत जयंधर राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्वाने राजाच्या श्वानपालाच्या घरी जन्म घेतला. त्याचे नाव उत्पल. बाप गेल्यावर राजाच्या बारा शिकारी कुत्र्यांची देखभाल त्याच्याकडे आली. हे काही मानाचे काम नव्हे. त्याच्या कपड्यांना येणाऱ्या वासाने लोक नाके मुरडत. पण कोणत्या कुत्र्याचे पोट दुखते आहे हे उत्पलाला त्याच्या बसण्यावरून कळे.

एकदा शिकारीत राजाच्या बाणाने गाभण हरिणी पडली. जवळ गेल्यावर राजाला तिच्या पोटातली हालचाल दिसली. ती थांबेपर्यंत तो तिथून हलला नाही. परत येताना त्याने धनुष्य नदीत सोडले. वर्षभर मांसाला शिवायचे नाही आणि नगरात जीव मारू द्यायचा नाही, असे व्रत घेऊन त्याने मनगटावर पिवळा दोरा बांधला. राजाचे दुःख खरे होते, म्हणून प्रजेनेही आपणहून दोरे बांधले. उत्पलानेही बांधला.

इथवर सगळे चांगलेच झाले. पण पुण्य करायला निघालेल्या माणसाला थांबायचे कुठे हे पुष्कळदा उमगत नाही. राजाच्या मनात आले, हरिणीचा माग तर कुत्र्यांनीच काढला होता. त्यांनाही पापातून सोडवले पाहिजे. त्याने बाराही कुत्र्यांच्या गळ्यात स्वतःच्या हाताने दोरे बांधले. पाकशाळेचा प्रमुख कुंभक त्यांच्यासाठी रोज तूप घालून खीर रांधू लागला. नगरात मांस आणणाऱ्याला हद्दपारीची शिक्षा ठरली. व्रतस्थ कुत्री पाहायला लोक येऊ लागले, बायका दुरून हात जोडू लागल्या. कुत्र्यांना मात्र यातले काहीच कळले नाही.

पहिले काही दिवस त्यांनी खीर चाटली. मग पोटे बिघडली. केस झडले, बरगड्या दिसू लागल्या. तिसऱ्या महिन्यात दोन कुत्री दगावली. उत्पलाने त्यांना पुरले आणि तो तिथेच बसून रडला.

त्याने राजाच्या कानावर घातले. "महाराज, यांना खीर मानवत नाही."

"माझेही पोट आधी कुरकुरत होते, उत्पला," राजा मायेने म्हणाला. "होईल सवय."

उत्पल विचारात पडला. कुत्र्यांसाठी बकरे मारणे त्याच्या मनाला पटत नव्हते, आणि कुत्र्यांना मरू देणेही पटत नव्हते. नगराच्या हद्दीबाहेर गुराख्यांची वस्ती होती. तिथे जनावर मेले की लोक कातडे काढून घेत आणि उरलेले गिधाडांसाठी माळावर टाकत. उत्पल पहाटेच तिथे जाऊ लागला. जनावर कशाने मेले हे तो आधी विचारी. रोगाने मेलेल्याला हात लावत नसे; म्हातारपणाने किंवा कड्यावरून पडून मेलेल्याचे ताजे मांस तेवढे घेई. वाहत्या पाण्यात धुऊन ते पानांत बांधी आणि हाडांसकट कच्चेच कुत्र्यांपुढे ठेवी. शिजवलेले हाड फुटते आणि घशात रुतते, हे त्याला बापाने शिकवले होते.

महिन्याभरात नऊ कुत्री उठून उभी राहिली. त्यांच्या अंगावर तकाकी आली. दहावी पिंगला तेवढी उठेना. ती राजाची सर्वांत लाडकी. पिल्लू असताना राजाने तिला आपल्या उपरण्यात गुंडाळून वाढवले होते. उत्पलाने ठेवलेले मांस ती हुंगे आणि मान फिरवी. रोज सकाळी राजा खिरीचा वाडगा घेऊन येई, तेव्हा मात्र ती त्याच्या हातून चार घास खाई आणि तो गेल्यावर ओकून टाकी.

एका सकाळी राजा दरबारी मंडळींना घेऊन आला. नऊ धडधाकट कुत्री पाहून त्याला भरून आले. "पाहा व्रताचा प्रताप!" तो म्हणाला. कुंभकाने खिरीत घातलेल्या वेलचीचे गुण सांगायला सुरुवात केली. राजाने त्याला हातातले कडे दिले. मग तो उत्पलाकडे वळला. "उद्यापासून अश्वशाळाही तू सांभाळ."

उत्पल गप्प राहिला असता तर त्याचे भले झाले असते. पण त्याच वेळी राजाने वाडगा पुढे केला, पिंगला थरथरत उठली आणि खीर चाटू लागली. उत्पलाला ते पाहवेना. त्याने राजाचे पाय धरले आणि सगळे सांगून टाकले.

राजा संतापला. "माझे व्रत मोडलेस तू!"

"व्रत आपले आहे, महाराज. आपल्याला हरिणी आठवते म्हणून आपण ते पाळता. पिंगलेला काय आठवते?"

"तिलाच विचारू," राजा म्हणाला. "ठेव तुझे मांस तिच्यापुढे."

उत्पलाने वाडग्याशेजारी मांस ठेवले. पिंगलेच्या तोंडातून लाळ गळू लागली, अंगाला कंप सुटला. तिने मांसाकडे पाहिले, राजाकडे पाहिले आणि तोंड पुन्हा खिरीत घातले. मंडळींनी जयजयकार केला.

"पाहिलेस?" राजा म्हणाला. "मुका जीव, पण व्रत मोडले नाही."

"महाराज," उत्पल हळूच म्हणाला, "शिकार समोर पडली असताना आपण हाताने तुकडा दिल्याशिवाय हिने कधी तोंड लावले होते का? हे आपणच तिला शिकवले. ती व्रत पाळत नाही, आपल्या हाताची वाट पाहते आहे. आणि वाट पाहत ती मरेल."

राजा खाली बसला. त्याने पिंगलेच्या बरगड्यांवरून हात फिरवला आणि तो रडू लागला.

"हरिणीच्या पोटात पिल्लू आहे हे मला ठाऊक नव्हते," तो म्हणाला. "हिला मात्र मी रोज डोळ्यांनी पाहत होतो."

ज्या हाताने मांसाला शिवायचे नाही असे ठरवले होते, त्याच हाताने त्याने तुकडा उचलला आणि पुढे केला. पिंगलेने तो घेतला. इतकी उपाशी असूनही तिने त्याच्या बोटांना दात लागू दिला नाही.

उत्पल हद्दपारीच्या तयारीने उभाच होता. त्याच्याकडे पाहून राजा म्हणाला, "आज्ञा ती आज्ञा. हद्दीबाहेर तुला जावे लागेल. रोज पहाटे जा, आणि ऊन चढायच्या आत यांच्यासाठी मांस घेऊन परत ये."

एवढी कथा सांगून सभेला धर्मोपदेश करणाऱ्या शास्त्यांनी समोर बसलेल्या एका उपासकाकडे पाहिले. त्याने एकवेळ जेवण्याचा नेम घेतला होता आणि आपल्या आजारी धाकट्या भावालाही तो पाळायला लावला होता. "त्या वेळचा राजा म्हणजे हा उपासक," शास्ते म्हणाले. "पिंगला म्हणजे याचा भाऊ. थोरल्याचा शब्द तो आजही मोडत नाही. आणि उत्पल मीच होतो." कुंभक कोण होता हे त्यांनी सांगितले नाही, पण सभेत दोघातिघांनी माना खाली घातल्या.

"स्वतः उपाशी राहणे हा संयम," शास्ते म्हणाले. "दुसऱ्याची भूक त्याच्या जागी जाऊन ओळखणे ही करुणा. त्या जन्मी मी ती आचरली."

उपासक धर्मोपदेश संपायची वाट न पाहता उठला आणि घराकडे धावत सुटला. शास्त्यांनी त्याला थांबवले नाही.