बेडकुलीची सावली

एक होती बेडकुली. बोटाच्या पेराएवढी. मळ्यात शेवंतीचं एक गोल गोल झुडूप होतं. त्याच्याखाली गार गार सावली. तिथं ती राहायची.

एक दिवस शेळी आली. कुर्रम कुर्रम! सगळं झुडूप खाल्लं आणि गेली.

सावली गेली. ऊन आलं. चट चट! बेडकुलीची पाठ सुकायला लागली. बेडकाची पाठ सुकून कसं चालेल?

शेजारी दुसरी शेवंती होती. उंच उंच. पण नुसती काडी.

बेडकुली गेली. टुपुक टुपुक.

"शेवंतीताई, शेवंतीताई, मला सावली दे."

"कशी देऊ गं? मळ्यातल्या भामामावशीने सगळ्यांचे शेंडे खुडले. माझाच राहिला. शेंडा खुडला की मला फांद्या फुटतील. मग देईन."

"अगं, पण दुखेल ना?"

"छे! नखाने खुट्ट. झालं."

बेडकुली गेली मावशीकडे. टुपुक टुपुक.

"मावशी, मावशी, शेंडा खुड.
पाठ माझी सुकली,
शेवंती सावली देईना."

"अगं बाई! ही राहिलीच की!" मावशी म्हणाली. "पण रोप तहानलंय, बाळा. तहानलेल्याचा शेंडा खुडत नाहीत. आधी पाणी, मग शेंडा. पाटाला सांग."

बेडकुली गेली पाटाकडे. टुपुक टुपुक.

"पाटदादा, पाटदादा, पाणी सोड.
पाठ माझी सुकली,
शेवंती सावली देईना,
मावशी शेंडा खुडीना."

"माझं तोंड मातीने बुजलंय," पाट म्हणाला. "खोरं माती ओढील, मग मी येईन."

बेडकुली गेली खोऱ्याकडे. टुपुक टुपुक.

"खोरेबुवा, खोरेबुवा, माती ओढा.
पाठ माझी सुकली,
शेवंती सावली देईना,
मावशी शेंडा खुडीना,
पाट पाणी सोडीना."

"माझा दांडा बघ," खोरं म्हणालं. "डुगडुग, डुगडुग! गेनूकाका दांडा ठोकतील, मग मी ओढीन."

गेनूकाका म्हणजे भामामावशीचे घरधनी. ते पळून पळून दमले होते. हाशहुश!

बेडकुली गेली त्यांच्याकडे. टुपुक टुपुक.

"काका, काका, दांडा ठोका.
पाठ माझी सुकली,
शेवंती सावली देईना,
मावशी शेंडा खुडीना,
पाट पाणी सोडीना,
खोरं माती ओढीना."

"दांडा ठोकू का शेळीमागं पळू?" काका म्हणाले. "सुटलीय ती भवानी! खुंट्याला आली की ठोकतो."

मावशी लांबून ओरडली, "दावं कुणी सैल बांधलं?"

"मीच गं, मीच," काका म्हणाले.

शेळी बांधावर होती. केवढी मोठी! बेडकुली एवढीशी. तरी ती गेली. टुपुक... टुपुक.

"शेळीबाई, शेळीबाई, खुंट्याला चल.
पाठ माझी सुकली,
शेवंती सावली देईना,
मावशी शेंडा खुडीना,
पाट पाणी सोडीना,
खोरं माती ओढीना,
काका दांडा ठोकीना."

शेळीचं तोंड हलायचं थांबलं.

"तुझी सावली कुठं गेली?"

"तुझ्या पोटात."

शेळीने कान पाडले. "बें! मला काय ठाऊक, खाली कुणी बसलंय! चल बाई, आलेच."

शेळी खुंट्याला आली.
काकांनी दांडा ठोकला. ठक ठक!
खोऱ्याने माती ओढली. खर्र खर्र!
पाटाने पाणी सोडलं. खळखळ, खळखळ!
बेडकुलीने उडी मारली. डुबुक! पाठ ओली झाली.
शेवंती पाणी प्याली. घटाघटा!
मावशीने शेंडा खुडला. खुट्ट!

बेडकुली पाटाच्या चिखलात बसली. वाट बघत राहिली. आज एक फांदी फुटली. उद्या दुसरी. मग तिसरी, मग चौथी, मग किती तरी. काडीचं झुडूप झालं. वर पिवळी पिवळी फुलं. खाली गार गार सावली.

"ये गं माझी बाय," शेवंती म्हणाली.

बेडकुली गेली. टुपुक टुपुक. सावलीत बसली. हळूच डोळे मिटले.

बेडकुली गेली गारव्याला,
आपण जाऊ जेवायला.