हिरवी घरटी

जंगलातही दुकानं होती, त्या काळची ही गोष्ट. एका हत्तीचं घरट्यांचं मोठं दुकान होतं. घरटी विणायच्या नदीकाठच्या सुगरणी आणि विकत घ्यायचे ते जंगलातले आळशी पक्षी.

एकदा हत्तीच्या कानावर आलं, की गवत तोडून तोडून नदीचा काठ उघडा पडतोय. त्याने फर्मान काढलं, "यापुढे हिरवं पातं तोडायचं नाही. घरटी वाळक्या गवताचीच हवीत." तपासायला त्याने टिटवी नेमली. तिने तपकिरी घरटी पाहिली आणि "सगळं ठीक" म्हणून कळवलं.

तरी काठ ढासळलाच. मग हत्ती स्वतः गेला. बघतो तर काठावर मुळासकट उपटलेलं गवत आणि हिरवीगार घरटी उन्हात वाळत टांगलेली!

म्हातारी सुगरण चाचरत म्हणाली, "शेठ, वाळकं पातं वळवलं की मोडतं. खरं बोललो असतो तर तुम्ही काम काढून घेतलं असतं."

"पण गवत मुळासकट का उपटता?"

"पावसाळा तोंडावर आला की तुम्ही सगळी घरटी एकदम मागता. सवड असली तर पात्याच्या कडेची पट्टी तेवढी सोलता येते, पातं जगतं. घाईत कुठलं जमायला?"

हत्तीची सोंड खाली गेली. "म्हणजे काठ माझ्याच घाईने ढासळला. पुढच्या सालची घरटी आजच सांगून ठेवतो. सावकाश, पट्टी सोलून विणा."

सुगरणींचा जीव भांड्यात पडला.

पुढच्या साली काठावर गवत डोलू लागलं. दुकानात घरटी आली, तशी टिटवी किंचाळली, "शेठ, घात झाला! ही तर हिरवी आहेत!"

हत्ती मनापासून हसला. "असू देत. वाळवून लपवायची गरज आता कुणाला उरली नाही."