ठकूबाईचा फाटका पदर

एका राज्यात परक्या घरी काही टिकेनासं झालं. विकत आणलेलं वासरू दिवेलागणीला दावं तोडून जुन्या गोठ्याकडे पळे. या वाफ्यातून उपटून त्या वाफ्यात लावलेलं वांग्याचं रोप सकाळी पुन्हा पहिल्या जागी उभं दिसे. नव्या नवऱ्या सासरी दिवा लावायला उठत आणि त्यांचे पाय त्यांना माहेरी घेऊन येत.

हे झालं राजापायी. डोंगरावरच्या मांत्रिकाची बोलकी साळुंकी त्याला आवडली. मागितली असती तर गोष्ट वेगळी. यानं सरळ उचलून आणली आणि सोन्याच्या पिंजऱ्यात घातली. मांत्रिक म्हणाला, "राजा, तुझ्या राज्यात परक्या घरी काही रुजणार नाही. एका आईची तीन पोरं दोरीविना, पिंजऱ्याविना तीन घरी टिकतील, तेव्हाच शाप सुटेल. एक गरिबाघरी, एक राजाघरी, एक माझ्या घरी."

राजानं घोडीची शिंगरं पाठवून पाहिली, शिकारी कुत्रीची पिल्लं पाठवून पाहिली. दिवे लागायच्या आत सगळी परत.

त्याच राज्यात ठकूबाई डुकरं पाळायची. तोंडानं फटकळ, हातानं सढळ. तिची लेक सोनकी नुकतीच लग्न होऊन नदीपलीकडे गेलेली. पण रोज संध्याकाळी ती ओल्या लुगड्यानं आईच्या दारात हजर. एकदा जावयानं तिला खाटेला बांधली, तर ती खाटेसकट आली.

"अगं, खाट तरी ठेवून यायचीस तिकडं!" ठकूबाई म्हणाली.

सोनकी हसली आणि हसता हसता रडायला लागली. "आये, चूल मांडलीय गं मी तिथं. पण संध्याकाळची एक भाकर त्या चुलीवर भाजता येत नाही मला."

ते बोलणं ठकूबाईच्या काळजात जाऊन बसलं. मांत्रिकाची अट राज्यभर ठाऊक होती. सकाळी ती उठली ती कंबर कसूनच. राज्याला शाप लागल्यावर तिच्या डुकरिणीचं पहिलंच वेत झालं होतं आणि पिल्लं आता देण्याजोगी झाली होती.

पिल्लू दुसऱ्या घरी द्यायचं तर तिच्या घराण्याची एक रीत होती. दूध पाजताना डुकरिणीच्या पोटावरून फडकं फिरवायचं आणि ते पिल्लासोबत द्यायचं. पिल्लू त्या वासावर नाक टेकून झोपतं, आईला हुडकत नाही. ठकूबाईनं तीन फडकी घेतली आणि तीन धट्टीकट्टी पिल्लं टोपलीत घातली. चौथा चिमट्या कडेवर. तो द्यायचा नव्हता. सगळ्यांत हडकुळा, भावंडांनी त्याला कधी सडाला लागू दिलं नाही. ठकूबाईनंच त्याला मांडीवर घेऊन शेळीचं दूध पाजलं होतं. तिच्यावाचून तो क्षणभर राहत नसे.

पहिलं पिल्लू तिनं टोपल्या विणणाऱ्या बुरडाच्या गरीब म्हातारीला दिलं.

"माझ्याकडं काय आहे याला घालायला?"

"पेज घाल. बाकीचं त्याचं नाक शोधील."

दिवे लागले. पिल्लू फडक्यावर झोपलं ते झोपलंच.

दुसऱ्या दिवशी महालाच्या दारात शिपाई म्हणाला, "डुकराला आत मज्जाव आहे."

"मग राजाला बाहेर बोलाव. त्याला तर मज्जाव नाही ना?"

राजा आला. नाकाला रेशीम लावून म्हणाला, "बाई, ते घाण फडकं फेक. मी याला चांदीच्या पिंजऱ्यात ठेवीन."

"महाराज, घाण तुम्हाला. त्याला ती आई आहे. आणि पिंजऱ्याचं नाव काढलंत तर मी ही निघाले."

आतून साळुंकी बोलली, "राजा, कोंडलेलं राहत नसतं, नुसतं अडकतं. मलाच विचार."

राजा आत वळला. त्यानं स्वतःच्या हातानं पिंजऱ्याची सोन्याची कडी काढली. साळुंकी उडून डोंगराकडे गेली. दिवे लागले तेव्हा पिल्लू गादीवर घोरत होतं आणि राजा खाली चटईवर बसून त्याच्याकडे पाहत होता.

तिसऱ्या दिवशी ठकूबाई डोंगर चढली. मांत्रिकाच्या खांद्यावर साळुंकी बसली होती. ठकूबाईनं टोपली पुढे केली.

"हा नको," मांत्रिक म्हणाला. "तो कडेवरचा दे."

"मेल्या, तुला बरा तोच दिसला!"

"माझी साळुंकी नेली तेव्हा मला कसं झालं, ते कोणाला तरी कळायला हवं."

ठकूबाईनं त्याला ठेवणीतल्या शिव्या दिल्या. मग तिला डोळ्यांपुढे नदी दिसली, सोनकीचं ओलं लुगडं दिसलं. चिमट्याला खाली ठेवून, डुकरिणीचं फडकं त्याच्याजवळ अंथरून ती निघाली. अर्ध्या वाटेवर दिवेलागण झाली आणि मागून बारीक खूर वाजले. चिमट्या! आणि घरी दारात सोनकी.

ठकूबाई कपाळाला हात लावून बसली. मग स्वतःलाच म्हणाली, "ठके, अक्कल कुठं ठेवलीस? हा डुकरिणीच्या कुशीत झोपला कधी? याची आई तर तू!"

उजाडताच ती पुन्हा डोंगर चढली. अंगावरच्या लुगड्याचा पदर तिनं टर्रकन फाडला. त्यात शेळीचं दूध होतं, चुलीचा धूर होता, तिचा घाम होता. चिमट्यानं नाक खुपसलं, दोनदा हुंकार दिला, डोळे मिटले. ठकूबाई मागे न बघता उतरली.

दिवे लागले. मागे खूर वाजले नाहीत.

घरी सोनकीचं ताट मांडून ठेवलं होतं. दारात कोणी आलं नाही. ठकूबाई वाट पाहत राहिली, मग एकदम उठली, डुकरिणीच्या गळ्यात पडली, हसली, रडली आणि सोनकीच्या वाटची भाकर तिला चारली.

सकाळी राज्यभर रोपं नव्या वाफ्यांत ताठ उभी होती. वासरं नव्या गोठ्यांत रवंथ करीत होती. साळुंकी आपल्या मर्जीनं राजाच्या खिडकीत येऊन दाणे मागत होती, आणि राजा विचारून देत होता.

ठकूबाई उरलेला पदर घेऊन नदीपलीकडे गेली. सोनकी चुलीपुढे बसली होती, गाल धुरानं काळे.

"आये, काल झोप लागली, पण चुकल्याचुकल्यासारखं वाटत होतं."

"ठाऊक आहे मला," ठकूबाई म्हणाली आणि फाटका पदर तिच्या उशाखाली सारला. "आता भाकर वाढ. दिवे लागायच्या आत मला माझ्या घरी जायचंय."

सोनकीची ती भाकर जशी टम्म फुगली, तसं ऐकणाऱ्यांचं घरही सुखानं भरून येवो.