तान्हामायचं पान

ऐका, फार मागची गोष्ट. सोनदऱ्याच्या नदीवर तेव्हा पूल नव्हता आणि गावात वैद्यही नव्हता. तान्हामाय नावाची एक म्हातारी सुईण तेवढी होती. गावातल्या प्रत्येकाला जन्मताना पहिला हात तिचाच लागला, असं म्हणतात.

त्याच गावात सरूची लेक होती, बनी. तिला घास गिळवत नसे. भाकरीचा तुकडा घशात अडकायचा आणि पोर कासावीस व्हायची. देवीच्या जत्रेत बायकांच्या पंगतीची एक रीत होती. सगळ्यांत वडील बाई उठली, की सगळ्यांनी उठायचं. बनीचं पान भरलेलंच राही. देवीचं अन्न टाकलं, आईचंच काही पाप असेल, असं बाया कुजबुजत. सरू मान खाली घालून ते पान उचलायची. पुढे ती लेकीला दाराआड जेवू घालू लागली.

पोर वाळत चालली, तेव्हा सरू तिला पाठीशी बांधून शहरातल्या वैद्याकडे गेली. त्याने गाय मागितली. तिच्याकडे एक शेळी होती. ती तशीच परतली आणि शेवटी तान्हामायच्या दारात उभी राहिली.

तान्हामायने पोरीचा गळा चाचपला. नाचणीची आंबील फडक्यातून गाळली आणि नदीतल्या शिंपल्याने जरा जरा पाजली. बनीने ती गिळली.

"भूक आहे गं हिला. वाट बारीक आहे, एवढंच."

"तुझं देणं काय, माय?"

"जत्रेला हिला पंगतीत आण. माझ्या शेजारी बसव."

सरूला वाटलं, गाय दिलेली परवडली असती.

तरी ती गेली. सगळ्यांची पानं संपली, हात सुकले, बनीचा शिंपला चालूच होता. पाटलीणबाई हसत म्हणाल्या, "ऊठ की माय, मुळं फुटतील आता आम्हाला."

पंगतीत सगळ्यांत वडील तान्हामायच होती, पण ती हलली नाही. "दरवर्षी मीच आधी उठले," ती म्हणाली. "कुणाच्या ना कुणाच्या घरी कळा लागलेल्या असायच्या. या पोरीच्या पानाकडे मी कधी वळून बघितलं नाही. आज बसते."

बायांच्या माना खाली गेल्या. मावळतीचा सूर्यसुद्धा टेकडीवर थांबून राहिला आणि बनीने शेवटचा घोट गिळल्यावरच बुडाला, असं म्हणतात. बनी पुढे नातवंडांची आजी झाली.

आजही सोनदऱ्याच्या जत्रेत आधी गाळलेली आंबील वाढतात आणि पोरांच्या पानाशी शिंपला ठेवतात. पंगतीच्या टोकाला तान्हामायचं पान मांडतात. सगळ्यांत सावकाश जेवणाऱ्या पोराचं होईपर्यंत ते कुणी उचलत नाही. तोवर हात सुकतात, आणि बाया मान खाली घालून बसून राहतात.